माजी अध्यक्षांची बसायची जागा

"आला रे आला! पायी आलाय," कोरुबारा म्हातारा हात उंचावून म्हणाला. "ना गाडी, ना झेंडा. चपलासुद्धा हातात!"

बेटावरच्या मानेआबाच्या, म्हणजे गावच्या सभाघराच्या, छपराखाली जमलेलं अख्खं गाव माना उंचावून बघू लागलं. बेनुएरा अकरा वर्षं देशाचा अध्यक्ष होता आणि गेल्याच महिन्यात अविश्वास ठरावात दोन मतांनी पडला होता. आज होडीतून उतरून तो थेट सभेलाच येत होता.

"बसेल कुठे गं तुझा भाऊ?" वाढायला आलेल्या बायकांतल्या एकीने विचारलं.

"कुठे म्हणजे? बापाच्या जागी," त्याची थोरली बहीण तेआबो ठसक्यात म्हणाली. पण तिचा जीव टांगणीला लागला होता.

इथे प्रत्येक घराण्याची जागा ठरलेली. बेनुएराच्या घराण्याची दक्षिणेच्या तिसऱ्या खांबापाशी. तिथूनच सव्विसाव्या वर्षी विहिरीच्या प्रश्नावर बोलून बेनुएराने गाव जिंकलं, मग खासदार झाला, मग अध्यक्ष. पुढे तो यायचा तो सरकारी लवाजम्यासह, आणि बसायचा पाहुण्यांच्या बाजूला. घरात दुसरा पुरुष नव्हता, त्यामुळे तिसऱ्या खांबाची जागा रिकामी आणि मुकीच राहिली. आजही ती रिकामी राहिली, तर शेजारच्या घराण्याकडे जाणार होती. आणि कुणी कुणाला जागा दाखवायची नाही, हा गावचा नेम.

बेनुएरा वाकून आत आला. सगळ्यांकडे बघून हसला. त्याची नजर खांबांवरून फिरली, मग पुन्हा फिरली. याला आठवत नाहीये, हे तेआबोच्या लक्षात आलं. जगभर भाषणं ठोकून आलेला माणूस! तिला संतापही आला आणि रडूही.

"विसरला वाटतं," कुणीतरी पुटपुटलं.

क्षणभर घुटमळून बेनुएरा सवयीने पाहुण्यांच्या बाजूला गेला आणि मांडी घालून बसला. एकदा बसलेल्याला सभा संपेपर्यंत जागा बदलता येत नाही. शेजारच्या घराण्याचा कर्ता खाकरला आणि त्याने बसल्या जागेवरूनच हळूच आपली चटई तिसऱ्या खांबापर्यंत पसरली.

कोरुबाराने घसा साफ केला. "पाहुण्यांचं स्वागत असो," तो म्हणाला. आवाजात कुचेष्टा नव्हती, हेच तेआबोला जास्त लागलं.

पाहुण्याला आधी द्यायचं, म्हणून ती शहाळं घेऊन उठली. तिला समोर बघताच बेनुएराचा चेहरा उतरला.

"ताई, मी चुकलो का गं?"

"आधी पाणी घ्या, पाहुणे," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी शहाळं पुढे केलं.