गोणपाटाखालची फुलं

"कुसे, कुनाला सांगू नको हं."

आईचा तो दबका आवाज तीस वर्षं कुसाबाईच्या कानात होता. झेंडूच्या वाफ्यात वाकलेली आई आणि पदराआड छातीशी दाबून धरलेला हात. आईनं कुणाला सांगितलं नाही, लेकीनंही नाही. पुढचा झेंडू फुलला तेव्हा तोडायला आई नव्हती.

आज पंचवटीतल्या एका मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि कुसाबाईला त्या कोलाहलात तोच आवाज ऐकू येत होता. हातात बेचाळीस नंबरची चिठ्ठी. पायाशी देवाला वाहायची झेंडूची पाटी, वर ओलं गोणपाट. शेजारी सून वैष्णवी, दवाखान्यात छातीचे फोटो काढणारी. सासू इथं का आली, तिला ठाऊक नव्हतं. "नुसतं दर्शन," एवढंच सासू म्हणाली होती.

"माय-माऊल्यांनो!" मंचावरून कॅमेऱ्याकडे बोट दाखवत शीतलबाबा गरजले. "हात लावायचा नाय, सुई टोचायची नाय, लाजायचं तर मुळीच नाय! पडद्याआड बसा, हा दिव्यचक्षू लांबून बघतो. लाल दिसलं की रोग, निळं दिसलं की मोकळ्या! दवाखान्याचा डोळा कातडीवर थांबतो, देवाचा डोळा पार आत जातो!"

एकेचाळीस नंबर फुलबाजारात कुसाबाईच्या शेजारी बसणाऱ्या साळूबाईचा होता. ती पडद्याआड गेली. मोठ्या टीव्हीवर चेहरा नव्हता, नुसते रंग होते. त्यात एक लालभडक डाग उमटला आणि बायकांनी तोंडाला पदर लावले. सेविकेनं तीर्थात भिजवलेला कापडी पट छातीवर ठेवायला आत नेला. पाच मिनिटं मंत्र चालला. पट निघाला आणि डाग निळा!

जयघोषानं पत्रे हादरले. साळूबाई रडत बाहेर आली, पिशवीतून दवाखान्याचा कागद काढला अन् टराटरा फाडला. "सोमवारी गाठीचा तुकडा काढून तपासनार व्हते. आता कशाला जायचं?"

"मावशी, थांबा!" वैष्णवी ओरडली.

"ए पोरी, गप बस! बाबांपेक्षा शहाणी हायेस का?" गर्दी उसळली.

कुसाबाईनं साळूबाईचा हात धरला. पट दाबून धरलेली बोटं बर्फासारखी गार, पुदिन्याच्या अर्काचा वास. हा गारवा तिच्या ओळखीचा होता. रोज पहाटे गोणपाट भिजवून ती हाच गारवा पाटीवर पांघरत होती.

"नंबर बेचाळीस!"

कुसाबाईनं पाटी उचलली, पडदा बाजूला सारला आणि स्टुलावर स्वतः न बसता पाटीच ठेवली.

टीव्हीवर निळंशार चित्र आलं.

"बाबा, माझी पाटी निरोगी हाय ना?"

"अं... हो, पवित्र हाय!"

"बरं." तिनं गोणपाट ओढलं आणि पाटी उलटी केली. तळाला दडपलेली कालची फुलं वर आली, वाफाळलेली, काळी पडलेली. टीव्हीवर लाल भडका उडाला. "देवाला वाहायच्या पाटीतबी मी खाली कालचा माल घातला, चुकलंच माझं. पन बघा, वरून गार व्हती, आतून सडत व्हती." तिनं गोणपाट दाबून धरलं, मग हळूच उचललं. पुन्हा निळं. "झाली का बरी?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"फुलांना देवाची ऊब असते!" बाबा खेकसले.

"मग साळूबाईच्या अंगाला रोगाची कशी?"

आता वैष्णवीला वाट मिळाली. "करोनात दारात ताप बघायचे ना, त्यातलाच हा कॅमेरा. हाच कातडीवर थांबतो! ओला पट लावला, कातडी गार झाली, रंग बदलला. गाठ तिथंच आहे. लाल म्हणजे कॅन्सर नाही आणि निळं म्हणजे सुटका नाही. आमचं मॅमोग्राफीचं मशीन क्षणभर छाती दाबतं, दुखतं थोडं, पण आतलं दाखवतं. सोनोग्राफी दाखवते, लागलं तर एमआरआय. कुठंही चिरायचं नाही. संशय आला तरच तुकडा तपासायचा. लवकर कळलं तर बाई बरी होऊ शकते, मावशी. डोळ्यांना दिसलं तेवढ्यावर विश्वास टाकू नका, ते कसं दिसलं हे विचारा."

साळूबाई खाली बसून कागदाचे तुकडे गोळा करू लागली. बाबा मागच्या दारानं निघाले होते, पण चार बायकांनी ते दार आधीच अडवलं होतं.

"आत्याबाई, कमाल केलीत! पण तुम्ही नंबर कशाला लावला होता?" वैष्णवीनं हसत विचारलं.

कुसाबाई सांडलेली फुलं भरत होती. तिचा हात थांबला. कानात आई पुन्हा तेच बोलली. या वेळी लेकीनं आईचं ऐकलं नाही.

"वैष्णवे," ती म्हणाली, "आठ म्हयने झाले. माझ्या डाव्या छातीत गाठ हाय. सोमवारी साळूबरोबर मलाबी ने."