उजव्या चाकाचा कोड

आमचे भावोजी बाबांच्या गॅरेजात येण्याआधी त्यांचा आवाज येतो, म्हणून घरात त्यांचं नावच 'हॉर्न' पडलंय. त्या दुपारी मात्र त्यांची शाळेची व्हॅन गुपचूप आत आली आणि मी समजले, डॅशबोर्डवरचा एबीएसचा दिवा पुन्हा लागला.

"वळणावर लागतो, सरळ रस्त्याला विझतो," ते म्हणाले. "आणि सकाळी ब्रेक दाबला तर चाकं जाम झाली गं. गाडी आडवी सरकली. मुलं होती आत."

त्या मुलांत माझी भाचीही असते.

स्कॅनर लावला. तोच कोड: पुढच्या उजव्या चाकाच्या सेन्सरकडून सिग्नल नाही. तो नसला की एबीएस बंद, मग जोरात ब्रेक दाबला की चाकं जाम होणारच. बाबांनी या कोडवर एकदा सेन्सर बदलला होता. थोड्या दिवसांनी दिवा लागला, तर पुन्हा बदलला. पण स्कॅनर म्हणजे शेजारीण. भांडण कुठल्या घरात चाललंय ते सांगते, चूक कुणाची ते आपणच शोधायचं. मी सेन्सर सोडला आणि त्याच्या वायरला मीटर लावला.

"भावोजी, स्टिअरिंग फिरवा. सावकाश."

डावीकडे आकडा ठीक. उजवीकडे पूर्ण वळलं की आकडा गायब.

"थांबा! तसंच धरून ठेवा."

चाकावरच्या पत्र्याआड हात घालून मी वायर चाचपत गेले. एके ठिकाणी जोड लागला आणि माझी बोटं थबकली. टेपवर शिवणाचा दोरा गुंडाळलेला, शेवटी दुहेरी गाठ. असा जोड आख्ख्या बाजारात एकच माणूस बांधतो. 'टेप सुटते, दोरा सुटत नाही,' हे बाबांचं वाक्य ऐकत मी लहानाची मोठी झाले.

दोरा खरंच सुटला नव्हता. मी जोड कापून बाहेर काढला आणि सोलला. आत तांब्याच्या निम्म्या तारा सोलतानाच तुटलेल्या. सोल्डरचा थेंब भलतीकडेच पडून गोठलेला. आंधळ्यानेसुद्धा असं काम केलं नसतं, असं मनात आलं आणि पुढचं वाक्य मनातच गिळलं. गेलं वर्षभर बाबा चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवतात. डोळे तपासायचं म्हटलं की वसकन अंगावर येतात.

"काय निघालं?" बाबा हात पुसत आले.

"वायरिंग. जोड कच्चा होता."

"कुणाचा?"

भावोजींनी तो दोरा पाहिला होता. ते एकदम छताकडे बघायला लागले. जावयासमोर बापाची अब्रू कशी काढायची? माझ्या तोंडून निघून गेलं, "माझाच. घाईत केला होता."

"लाज नाही वाटत? पोरांची गाडी आहे ही! एखादं दगावलं असतं म्हणजे? आजपासून वायरिंगला हात लावायचा नाहीस तू. सगळ्या गाड्यांचं मी बघीन. सर बाजूला!"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. बाबांनी मला बाजूला सारलं, सोल्डर गन घेतली आणि वाकले. गनचं टोक वायर सोडून शेजारच्या ब्रेकच्या नळीकडे गेलं. रबर जळाल्याचा वास आला. ते मात्र मन लावून दाबतच होते.

"बाबा!" मी त्यांचं मनगट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा. "मी खोटं बोलले. हा बघा."

कापलेला जोड मी त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी बघितलं नाही. अंगठा फिरवला. अंगठा गाठीवर गेला आणि तिथेच राहिला.

मला राग आला होता. त्यांच्या हट्टाचा, त्या डोळ्यांचा, माझ्या शहाणपणाचाही. आणि इतकं रडू येत होतं की मी उगाच मीटरच्या वायरी गुंडाळत बसले.

"नळी पण भाजली का?" त्यांनी विचारलं.

"हो."

ते जवळच्या जुन्या टायरवर टेकले. भावोजींना राहवलं नाही. घसा खाकरत ते म्हणाले, "बाबा, एवढं काही नाही. शाळा सुटायची वेळ झालीय, एवढी खेप करून येतो. हळू चालवीन. मग बघू सावकाश."

"किल्ली दे," बाबा म्हणाले.

भावोजींनी व्हॅनची किल्ली दिली. बाबांनी ती खिशात टाकली आणि स्वतःच्या गाडीची किल्ली पुढे केली.

"ही घेऊन जा. दोन खेपा कर, चार कर, पण पोरं हिच्यातूनच आण."

"अहो, पण तुमची गाडी तर या व्हॅनपेक्षा जुनी आहे."

"असू दे," बाबा म्हणाले. "तिच्या वायरिंगला मी हात लावलेला नाही. सगळं हिने केलंय."