कोंडाजीची राहिलेली पंगत

पणजोबा विलायतेला गेला होता एवढं सिद्ध झालं, की कुंदनचे दोन फायदे पक्के होते. मखमलाबादच्या चौकाला कोंडाजीचं नाव लागणार आणि चौकातली कुंदनची गुलाबाची नर्सरी फुकटात खानदानी होणार. तिसरा फायदा तो कुणाला सांगत नसे: चुलतभाऊ जयरामचं तोंड बंद होणार.

"विलायत? आपला पणजोबा मनमाडच्या पुढं गेला नाय," जयराम पारावर सांगे. "मुंबई सोडून उलट्याच गाडीत बसला व्हता."

२००२ साली कुंदनची भाची प्रतिभा, इतिहासात एम.ए. करणारी, मुंबईच्या दप्तरखान्यातून जुन्या आगबोटीच्या उतारूंच्या यादीची झेरॉक्स घेऊन आली. साल १८९६. एका साहेबाच्या नावाखाली: 'कोंडाजी, माळी'. कुंदनने पेढे वाटले. जयरामने एक खाल्ला, दुसरा उचलला आणि म्हणाला, "यात गाव कुठं लिव्हलंय? कोंडाजी काय जगात एकच व्हता?"

पेढे वाया गेले.

"मामा," प्रतिभा म्हणाली, "समुद्र ओलांडून आलेल्याला तेव्हा प्रायश्चित्ताशिवाय पंगतीत घेत नसत. ते पंचवटीतच झालं असणार. आपल्या उपाध्यांच्या वहीत गाववार नोंदी असतात. आधी आपण दोघंच बघून येऊ."

"दोघं कशाला? समद्यांसमोर होऊ दे!" कुंदनने दोन जीपा भरून भाऊबंद नेले. वाटेत बजावलंही, "चौकाच्या बोर्डावर कोंडाजीच्या खाली आमच्या थोरल्या पातीचंच नाव. धाकट्यांनी मधे यायचं नाय."

"नाय येत," धाकट्या पातीचा जयराम म्हणाला. इतकं गोड तो जन्मात बोलला नव्हता.

पंचवटीच्या घाटावर उपाध्यांनी वहीचं तांबडं फडकं सोडलं. "मौजे मखमलाबाद. कोंडाजी माळी, विलायतेहून आगबोटीने आला. क्षौर, गोदास्नान, पंचगव्य झाले..."

कुंदनची छाती फुगली. "वाचा महाराज, पुढं वाचा! मोठ्यानं!"

महाराजांनी चष्मा सारखा केला. "जातीस जेवण घालणे राहिले. हाती पैका आल्यावर घालीन म्हणतो."



"म्हंजे तीन पिढ्या आपण बाटलेल्या पंगतीत जेवतोय!" जयराम म्हणाला, आणि हशा पिकला. सगळ्यांची आत्या कलाबाई मात्र हसली नाही. "बोर्ड मागनं लाव, बाबा. आधी पंगत."

"आत्या, मग जयरामनं निम्मं—"

"मान थोरल्या पातीचा आन् बुंदी धाकटीची व्हय रं?" आत्याने विचारलं.

नाही म्हणायची एकच वाट होती: कोंडाजी कधी गेलाच नाही असं कुंदनने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. त्याने आचारी ठरवला.

बोर्ड लागला, त्याच दिवशी पंगत उठली. हिशेब असा: बोटीचं भाडं साहेबाने भरलं, डोक्याचे केस कोंडाजीने दिले, मसालेभात, बुंदी नि मठ्ठा कुंदनने. जयरामने रिकामा डबा आणला, भरून नेला आणि जाताजाता तेवढं कबूल केलं, की पणजोबा मनमाडच्या जरासा पुढं गेला होता.