काळ्या खडकापाशी सांगायची गोष्ट

काठी टेकत टेकत अल्बर्टा आत्या बोटीत चढली आणि सुकाणूपाशी उभ्या मर्नाने तोंड फिरवलं.

"आली बघ," क्लिफर्ड दोर सोडता सोडता पुटपुटला. क्लिफर्ड म्हणजे मर्नाचा मावसभाऊ. वय पन्नाशीचं, बोटीवर दोरापासून कॉफीपर्यंत सगळं तोच बघायचा. "तिकीट काढून आलीय. मी म्हटलं, आत्या, तुला कसलं तिकीट, तर काठी उगारली माझ्यावर."

"काही बोलली?"

"तेच तर! एक अक्षर नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

आत्या पहिल्या बाकावर बसली. आजूबाजूला मोठ्या जहाजावरून आलेले प्रवासी, अंगात कडक नवे रेनकोट. मधे ही एकोणऐंशी वर्षांची बाई, पायात रबरी बूट, डोक्याला रुमाल. दोन उन्हाळे मर्ना पर्यटकांना देवमासे दाखवणारी ही बोट चालवत होती. गावातली कुत्रीसुद्धा तिच्यावर फुकट फिरून आली होती, आत्याने मात्र पाऊल ठेवलं नव्हतं.

आज का आली, हे मर्नाला न सांगता कळलं. चोराच्या मनात चांदणं.

देवमासे दाखवून झाले की मर्ना काळ्या खडकापाशी इंजिन बंद करायची आणि ऑर्काला, म्हणजे काळ्यापांढऱ्या शिकारी देवमाशाला, आपला पूर्वज मानणाऱ्या ऑर्का घराण्याची गोष्ट सांगायची. सांगायचीही अशी, की ऐकणाऱ्यांचे रुमाल बाहेर निघायचे. आता यात वाईट काय? वाईट एवढंच, की गोष्ट तिची नव्हती. आमच्या जमातीत कूळ आईचं लागतं. मर्नाची आई डोमकावळा घराण्याची, म्हणून मर्नाही तिकडचीच. बाप एझरा ऑर्का घराण्यातला, आणि त्याची बहीण अल्बर्टा आत्या आता त्या घराण्यातली सगळ्यांत थोरली. आणि घराण्याची गोष्ट म्हणजे घराण्याची मालमत्ता. घराण्यातल्या पुरुषाची पोटची पोर असलीस तरी न विचारता तोंडातून काढायची नाही.

हे मर्नाला दुधाच्या दातांपासून ठाऊक होतं. पण बापाने मांडीवर घेऊन सांगितलेली गोष्ट आपली नाही, हे मनाला समजवायचं कसं? त्यातून बाप गेला तोही त्याच खडकापाशी. मर्ना तेव्हा बावीस वर्षांची होती. बोट सापडली, तो सापडला नाही. त्याच्या मागे तिच्याकडे उरलं काय, तर मासे कापायची एक सुरी आणि ही गोष्ट. आत्याला विचारायला गेले आणि ती नाही म्हणाली, तर तेही गेलं. म्हणून तिने विचारलंच नाही.

गोष्ट काय होती, ते इथेही सांगता येणार नाही, कारण माझीही नाही ती. ऑर्का घराण्याच्या घराच्या दारातल्या खांबावर कोरलंय तेवढं सगळ्या गावाला दिसतं, तेवढं सांगायला हरकत नाही: एक बाप ऑर्कांच्या मागोमाग पाण्यात उतरतो आणि त्याची लहानगी मुलगी किनाऱ्यावर उभी असते.

खाडीच्या तोंडाशी तीन देवमासे दिसले. शेपट्या वर आल्या, लोक ओरडले, फोटो निघाले. आत्या समोर बघत बसलेली. तेवढ्यात दक्षिणेकडून धुकं उतरायला लागलं.

"आज खडक नको," क्लिफर्ड सुकाणूपाशी येऊन हळूच म्हणाला. "आयतं धुकं आलंय. सांगू, आज जमत नाही. कोण विचारतंय?"

मर्नाला मोह झाला, खोटं कशाला बोला! तिने सुकाणू थोडं घराकडे वळवलंही. पण खालून लाल कोटातल्या एका बाईचा आवाज आला.

"गोष्ट सांगणार ना? मी गेल्या वर्षी ऐकलीय, यंदा मुद्दाम यांना घेऊन आले. तो घरी परत येतो ना, तिथे मी इतकी रडले, इतकी रडले!"

आत्याने पहिल्यांदाच मान वळवली.

"परत येतो?" तिने विचारलं.

"हो तर! मुलगी धावत जाते त्याच्याकडे."

आत्याने मान वर करून मर्नाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आज टाळलं तर आत्या उद्याचंही तिकीट काढेल, हे तिला स्वच्छ दिसलं. तिने सुकाणू पुन्हा खडकाकडे फिरवलं.

खडकापाशी इंजिन बंद केलं. धुक्यात पाण्याची चुळूकचुळूक तेवढी ऐकू येत होती. सगळे तिच्या तोंडाकडे बघायला लागले. तिने माइक हातात घेतला.

"माझे वडील..." तिने सुरुवात केली.

आत्याची काठी फळीवर एकदाच आपटली.

आणि त्याच वेळी पाण्यातून फुस्स करून श्वास सुटला. धुक्यातून ऑर्काच्या पाठीवरचा एक काळा पंख वर आला, माणसाहून उंच. मागून दुसरा, तिसरा. कुणीतरी किंचाळलं. क्लिफर्डने तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं.

आत्या कठड्याला धरून उभी राहिली. आपल्या भाषेत, मोठ्याने, घरच्या वडीलधाऱ्यांशी बोलावं तशी ती त्या पंखांशी बोलली. मर्नाला भाषा अर्धीमुर्धीच येत होती, पण एवढं कळलं: "आजोबांनो, आम्ही गरीब माणसं. राग धरू नका. एझराची पोर आहे. चुकलंय तिचं. तिला काही करू नका."

मर्नाला वाटलं होतं, बाई आपली अब्रू काढायला आलीय. ती तर आपल्यासाठी माफी मागत होती! मर्नाला लाज वाटली. ती खाली उतरली.

"मंडळी," ती माइकमध्ये म्हणाली, "ही गोष्ट माझी नाही. दोन वर्षं मी न विचारता सांगतेय. ज्यांची आहे, त्या इथेच आहेत." मग आत्याकडे वळली. "आत्या, चुकले मी. चारचौघांत चुकले, म्हणून चारचौघांत सांगते. आता विचारते. मी सांगू?"

"नाही," आत्या म्हणाली.

मर्नाने मान खाली घातली. संपलं, तिला वाटलं. बाप दुसऱ्यांदा गेला.

आत्याने तिच्या हातातून माइक घेतला आणि गोष्ट स्वतः सांगितली. संथपणे, एकही शब्द न गाळता, जशी सांगायची तशी. मर्ना ऐकत होती आणि शेवट वेगळाच निघाला. मुलगी किनाऱ्यावर वाट बघते. म्हातारी होते. तो परत येत नाही. आत्याने माइक खाली केला. लाल कोटातली बाई नवऱ्याचा हात धरून बसली होती.

"आत्या, तो येतो ना परत," मर्ना लहान पोरीसारखी म्हणाली. "बाबा तसंच सांगायचे."

"ते मला आज कळलं," आत्या म्हणाली. "चार वर्षांची होतीस तू. मी तुला खरी गोष्ट सांगितली, तर दारात जाऊन बसलीस. एझरा मासे धरायला गेलेला. तो येईपर्यंत जेवली नाहीस, हलली नाहीस. आल्यावर भांडला माझ्याशी, कडाकडा. म्हणाला, माझ्या पोरीला मी अशी गोष्ट सांगून झोपवणार नाही."

"म्हणजे त्यांनी..."

"शेवट बदलायचा हक्क त्यालाही नव्हता. पण बदलला. तुझ्यासाठी बदलला." आत्याने काळ्या खडकाकडे पाहिलं. "गोष्ट आमची, ती आमच्याकडेच राहील. दर मंगळवारी येत जाईन मी, सांगेन. पण बदललेला शेवट ही त्याची चूक, ती आमच्या घराण्याची नाही. ती तुझी. ठेव तुझ्याकडे."

तिने माइक पुढे केला.

"बोल. पण त्याचं नाव घेऊन बोल."

ऑर्का खडकाला वळसा घालून निघाले होते. मर्नाने माइक तोंडाशी नेला. गोष्टीचा शेवट ती शेकडो वेळा बोलली होती, पण बापाचं नाव कधी घेतलं नव्हतं.

"माझ्या बापाचं नाव एझरा," ती म्हणाली. "तो मला सांगायचा, की तो माणूस परत येतो."