आली, पण कोण?

त्या गावाला नदीचंच नाव होतं, आणि गावातले लोक ते नाव फारसं घेत नसत. गरजच पडत नसे. नदी म्हणजे 'ती' आणि गाव म्हणजे 'ते'. 'ती चढलीय' म्हटलं की गाद्या माळ्यावर जायच्या, आणि 'ते सोडून जायचं कुठे' म्हटलं की म्हातारी माणसं माना डोलवायची. पुढे सरकारने एक युद्धनौका बांधली आणि तिलाही तेच नाव दिलं. गावाला आनंद झाला खरा, पण व्याकरणाची पंचाईत झाली. कारण बोटही 'ती'च.

गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ताई बावीस वर्षं बसत होती. आता सांगून खरं वाटणार नाही, पण तेव्हा कुणालाही फोन करायचा तर आधी ताईशी बोलावं लागे. समोर लाकडी बोर्ड, त्यावर भोकांच्या रांगा, हातात दोऱ्या, कानाला हेडफोन. कुणाची सोयरीक जमतेय आणि कुणाची फिसकटतेय हे तिला नवरा-नवरीच्या आधी कळे, पण या कानाचं त्या कानाला होत नसे. बावीस वर्षांत तिने एकही नंबर चुकीचा जोडला नव्हता. याचा तिला थोडा तोराही होता.

नदी चढली की वरच्या पुलाजवळचा पाणी मोजणारा फोन करी. त्याचा शब्द ठरलेला होता: "आली!" एवढं बोलून तो लाईन सोडी, म्हणजे ताईला पुढचे फोन करता यावेत. ताईही कोण, किती, कशी, असलं विचारत बसत नसे. खालच्या आळीतल्या सगळ्या फोनांच्या घंटा ती एकदम वाजवी, आणि आळी चंबूगबाळं उचलून टेकडीवरच्या शाळेकडे निघे.

त्याच आळीत ताईची धाकटी बहीण राहत होती, सासू आणि पाच महिन्यांची लेक यांच्याबरोबर. तिचा नवरा त्या युद्धनौकेवर वायरमन होता. लेक पोटात असताना तो गेला, तो अजून परतला नव्हता. लेक त्याने फक्त फोटोत पाहिली होती, आणि त्यातही ती हलली होती. आता त्याचं पत्र आलं होतं: शुक्रवारी बोट नदीच्या मुखावरच्या बंदरात काही तास थांबेल, मग दीड वर्ष दूरदेशी. ताईने बंदरातल्या कारकुनाला सांगून ठेवलं, बोट लागली की मला तेवढं कळवा. धाकटीला म्हणाली, "पहिली घंटा तुझ्या घरी वाजवते बघ."

बोट बुधवारीच आली. कारकून मोठा भिडस्त माणूस, साहेबासमोर खासगी फोन करायची त्याला चोरी. पावणेनऊला त्याने तोंडाशी हात धरून एवढंच म्हटलं, "ताई, आली!" आणि फोन ठेवून दिला.

दोन दिवस नदी फुगलेलीच होती. बाहेरचे सगळे फोन एकाच लाईनवरून येत, आणि त्या दिवशी तिला खरखर होती. शिवाय बोट यायची शुक्रवारी. ताईच्या हातांनी डोक्याला विचारलंच नाही. खालच्या आळीत घंटांचा कल्लोळ उठला.

दहाला जरा उसंत मिळाली तशी तिने पुलावर फोन लावला. "किती फूट आहे हो आता?"

"कसली?" पाणी मोजणारा म्हणाला. "कालच्यापेक्षा वीतभर खालीच आहे. आत्ताच पाय धुऊन आलो मी तिच्यात."

"मग सकाळी 'आली' म्हणालात ते?"

"मी? मी आज तोंड उघडलंय ते फक्त चहाला."

 ताईने लगेच बंदर जोडलं. कारकून कुजबुजला, "अहो, म्हणालो ना तुम्हाला, आली म्हणून! दीड वाजता निघणारसुद्धा. पोचल्या का तुमच्या धाकट्या बहीणबाई?"

धाकटी कुठे पोचणार! ती टेकडीवर सासूला आणि लेकीला घेऊन बसली होती, ताईवर विश्वास ठेवून. बंदराची नऊची बस सुटलीच नव्हती आणि बंदर दोन तासांवर.

एक्स्चेंज पोस्टाच्याच इमारतीत होतं, आणि पोस्टमास्तर शेजारच्या खोलीतून हे सगळं ऐकत होते. ते येऊन म्हणाले, "उठा. मी बसतो बोर्डावर."

"तुम्हाला जमेल?"

"न जमायला काय झालं? तुम्ही आज केलीत तेवढी मोठी चूक करायला मला निदान आठवडा लागेल. पळा!"

चाळिशी ओलांडलेली ताई पदर खोचून टेकडी चढली. वर पटांगणात आळीचा संसार मांडलेला. तिचं बोलणं ऐकून सगळे एकदम बोलायला लागले.

"म्हणजे पूर नाही?" शिंपी ओरडला. "अहो, शिलाई मशीन खांद्यावरून चढवलंय मी! आता हे उतरवायचं कुणी, तुमच्या बोर्डाने?"

 धाकटीने मात्र लेकीचं टोपडं उगाचच सोडलं आणि पुन्हा बांधलं. ते बघून ताईला जे टोचलं ते शिंप्याच्या बोलण्याने टोचलं नाही.

बस तिथेच होती. पुराचं कळल्यावर ड्रायव्हरने ती टेकडीवर आणून लावली होती आणि निम्मी आळी सामानासकट आत बसली होती. या ड्रायव्हरला गावात 'सावकाश' म्हणत, का ते त्याच्या मागे बसल्यावर कळे.

"बंदराला जायचंय ना?" तो म्हणाला. "चला. पण या लोकांना उतरवत बसलो तर इथेच बारा वाजतील. बसलेत ते बसू देत."

"आणि माझं मशीन?" शिंपी.

"त्याचं तिकीट नाही घेत. घाला आत."

तर त्या दिवशी खालची आळी वळकट्या, बादल्या, एक मांजर आणि एक मशीन घेऊन बंदराकडे निघाली. धाकटीच्या सासूच्या मांडीवर भिंतीवरचं घड्याळ होतं. ताईला त्यातलं प्रत्येक मिनिट ऐकू येत होतं. सावकाशने त्या दिवशी तरी जोरात चालवली असेल असं कुणाला वाटेल. छे! तो आपला सावकाशच गेला.

बंदराच्या फाटकाशी पोचले तेव्हा साडेबाराला पाच कमी होते. पहाऱ्यावरच्या जवानाने बस पाहिली, वळकट्या पाहिल्या, मांजर पाहिलं.

"कुठून आलात?"

"तुमच्या बोटीवर लिहिलंय बघा," सासू म्हणाली, "तिथूनच."

जवानाने आत फोन लावला. "साहेब, गाव आलंय."

पलीकडून मोठ्याने विचारलं गेलं, कुठलं गाव?

"आपलंच, साहेब. आपल्या नावाचं. बसमधून आलंय."

साहेब, म्हणजे बोटीचा कप्तान, स्वतःच चालत फाटकाशी आला. उंच, पोक्त माणूस. बोट या नावाने सहा वर्षं समुद्र हिंडत होती आणि त्या नावाच्या गावचं माणूस तिला भेटायला कधी आलं नव्हतं. तो आळीकडे बघतच राहिला, मग म्हणाला, "आत घ्या सगळ्यांना. मशीनसकट."

ती पाऊण तासाची गंमत आळीला पुढे किती वर्षं पुरली! धक्क्यावर शिंप्याने मशीन मांडलं आणि खलाशांचे फाटके खिसे शिवले, फुकट, वर दोन शब्द सुनावून. मांजर थेट बोटीवर चढलं, ते चौघांनी मिळून उतरवलं.

आणि वायरमन शिडीवरून खाली आला. आईच्या पाया पडला, तिच्या हातातलं घड्याळ बघून गोंधळला, "आई, हे कशाला आणलंस?"

"पूर आला म्हणून."

"कुठे?"

"तेच विचारतेय मी ताईंना."

धाकटी हसली. सकाळपासून पहिल्यांदा. तिने लेक पुढे केली आणि त्याने, तारा धरतात तशी जपून, दोन्ही हातांनी घेतली. 

ताईला राहवेना. "जावईबापू, माझ्यामुळे तुमचा दीड तास गेला हो."

"ताई, काय बोलताय?" तो लेकीवरची नजर न काढता म्हणाला. "आज भेटीगाठींना मनाईच होती. ही एकटी आली असती तर फाटकातून हात हलवून परत गेली असती. एकटीदुकटीला कोण आत सोडतं? गाव आलं म्हणून सोडलं."

ताईने डोळ्यांना पदर लावला आणि वर बघितलं, ऊन डोळ्यांवर येतंय असं दाखवत.

भोंगा झाला. खलाशी शिडीकडे पळाले. वायरमनने लेक परत द्यायला हात पुढे केले, पण तिने त्याचं बोट मुठीत गच्च धरलं होतं. तो हळूच ओढी, ती आणखी घट्ट धरी.

"अगं, सोड बाई बोट," सासू म्हणाली, "बोट सुटायची वेळ झाली!"

सगळा धक्का हसला, वरून साहेबही हसला. पण मूठ काही सुटेना, आणि ती सोडवायची घाई त्यालाही नव्हती. दुसरा भोंगा झाला तरी तो तसाच उभा होता, वाकून, लेकीच्या ताब्यात.