काहीच न दिसलेली काच

ती आता स्वतःच निवृत्तीला आली आहे. तरी प्रयोगशाळा म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे आपली ऐसपैस, चकचकीत खोली येत नाही. येते ती जिन्याखालची, एकाच खिडकीची खोली, आणि तिथले काका.

काका तिथले तंत्रज्ञ. उंदरांच्या मेंदूचे काप इतके पातळ काढायचे की पाण्यावर सोडले की शोधावे लागत. पहिल्याच दिवशी तिला म्हणाले होते, "पोरी, हाताला घाई असेल तर ती घरी ठेवून येत जा."

तिचं काम एका प्रथिनावर होतं. दोन चेतापेशी जिथे एकमेकींना निरोप देतात, त्या सांध्यात ते बांधकामाच्या परांचीसारखं उभं असतं. निरोप झेलणारे रेणू त्याच्याच आधाराने जागेवर राहतात. पण ते दिसणार कसं? तर त्या प्रथिनाचा एक तुकडा सशाला टोचायचा, त्याच्या रक्तातून अशी अँटिबॉडी मिळवायची, जी नेमकी त्याच प्रथिनाला जाऊन चिकटेल, आणि तिच्या मागोमाग चमकणारा रंग धाडायचा.

दीड वर्ष खपल्यावर एका सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे ठिपके लखलखले. तिचे मार्गदर्शक सर म्हणजे कुणाची पाठ थोपटतील तर शपथ! तेही म्हणाले, "झकास! पुढच्या आठवड्यात परिषदेत हेच दाखव." तिला आभाळ ठेंगणं झालं.

दुसऱ्या दिवशी काकांनी दोन काचा तिच्यापुढे ठेवल्या. वर नुसते आकडे.

"एक काप नेहमीच्या उंदराचा. दुसरा उंदीर जन्मला तोच या प्रथिनाविना. कुठली काच कुणाची, सांग."

"त्यात काय, आत्ता सांगते."

पहिलीवर ठिपके. दुसरीवरही ठिपके, तसेच आणि तितकेच. तिने तीनतीनदा पाहिलं, आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली. प्रथिन जिथे नव्हतंच, तिथेही अँटिबॉडी भलत्याच कशाला तरी मिठी मारून बसली होती.

"कुणी सांगितला होता तुम्हाला हा उपद्व्याप?" ती ओरडली. काकांनी दोन्ही काचा डबीत ठेवून दिल्या.

दोन दिवस तिने अबोला धरला. तिसऱ्या दिवशी मात्र काचा उचलून सरांकडे गेली. सरांनी बराच वेळ डोळा लावून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "भाषण रद्द. नवा ससा आण."

प्रथिनाचा दुसरा तुकडा निवडून पुन्हा श्रीगणेशा केला. काका रोज पिंजऱ्यापाशी उभे राहून सशाला हात जोडायचे, "महाराज, आमची लाज तुमच्या हाती." दहा महिन्यांनी पुन्हा दोन काचा तयार झाल्या. पहिली चमचमली. दुसरी, प्रथिनाविना जन्मलेल्या उंदराची, तिने भिंगाखाली सरकवली.

"दिसतंय का काही?" काकांनी मागून डोकावत विचारलं.

"नाही! काका, काही म्हणजे काहीच नाही! मिट्ट काळोख!"

ती इतक्या जोरात ओरडली की सर धावत आले, "काय झालं? काय फुटलं?" कोपर लागून रंगाची बाटली खरंच फुटली होती, पण त्या दिवशी कुणी कुणाला बोल लावला नाही. शोधनिबंध छापून आला तेव्हा तिच्या नावाशेजारी काकांचं नाव होतं.

गेल्या महिन्यात ती काकांना भेटायला गेली. काकांनी ऐंशी ओलांडली आहे. सूनबाई चहा देऊन आत गेल्या, तेव्हा तिने धीर केला.

"काका, त्या दिवशी तुमच्यावर ओरडले. माफी मागायची राहूनच गेली."

काकांनी कप खाली ठेवला. "तू येण्याआधी सरांचं आणि माझं एक काम असंच, न पडताळता छापून आलं होतं. ठिपके असे की बघत राहावं. चार वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी ते खोटे ठरवले. भर सभेत, सर समोर बसलेले असताना. ते तुझ्या वाट्याला यायला नको होतं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"ती सरांची गोष्ट. ते होते तोवर मी कशी सांगणार?"

सरांना जाऊन सहा वर्षं झाली होती. सूनबाई आणखी चहा हवा का विचारायला आल्या, तेव्हा दोघंही एकदमच हो म्हणाली.