मच्छरदाणीबाहेरची कोंबडी

मी एक कोंबडी बोलतेय. अंडी घालते, पण तो माझा जोडधंदा. खरं काम डास चावून घेण्याचं. हसू नका.

आमच्या तळ्यावरच्या रानपक्ष्यांत एक विषाणू राहतो. डास एका पक्ष्याला चावतो, मग दुसऱ्याला, आणि विषाणूचा प्रवास फुकटात होतो. कावळे त्याने मरतात. माणसाला तोच डास चावला तर कधीकधी ताप मेंदूत जातो. आम्हा कोंबड्यांना काही होत नाही, फक्त रक्तात खूण उमटते. म्हणून आमचा पिंजरा तळ्याकाठी ठेवलाय. प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाई येऊन पंखाखालच्या शिरेतून रक्त नेतात. खूण दिसली की वस्तीला सावध करायचं.

आमची देखभाल मावशीकडे. तिचं घर पिंजऱ्याला लागूनच. घरात लेक आणि पाळण्यातली नात. मावशी भारी मायाळू. संध्याकाळी आमच्यावर डास तुटून पडायचे, ते तिला बघवेना. "मुकी बिचारी, सांगणार कुणाला," म्हणत ती घरातली एकुलती एक मच्छरदाणी रोज पिंजऱ्यावर टाकू लागली. मुकी? दिवसभर माझी कटकट चालू असते! पण खोटं कशाला बोलू, झोप झकास लागायची.

तिकडे झाडांखाली कावळे मरून पडू लागले आणि आमचं रक्त मात्र धुतल्या तांदळासारखं. डॉक्टरीणबाई चक्रावल्या. एकदा न सांगता संध्याकाळीच आल्या आणि पिंजरा बघून जागीच थबकल्या.

"मावशी, अहो हे काय?"

"चावतात हो मेले! तुम्ही रक्त काढता, वर डासही पितात. किती सोसायचं त्यांनी?"

"यांना चावले तरच आपल्याला कळणार ना! नात कुठे झोपते तुमची?"

मावशीने घराकडे पाहिलं. उघड्या दारातून पाळणा दिसत होता. तिने मच्छरदाणी ओढून काढली आणि आत धावली. मला त्या संध्याकाळी फार चावले. रागही आला, लपवत नाही.

पुढच्या तपासणीत माझ्या रक्तात खूण निघाली. घरोघरी निरोप गेले, साचलेलं पाणी उपसलं गेलं, खिडक्यांना जाळ्या बसल्या. नात ठणठणीत आहे. रांगत येते आणि माझी शेपटी ओढते.

एकदा खूण उमटली की कोंबडी या कामातून बाद. माझ्या जागी नवी आली. मी मावशीच्या अंगणात मोकळी फिरते. संध्याकाळी मावशी त्या नवीपाशी जाते, "सोस गं बाई थोडं," म्हणून पाठीवरून हात फिरवते, आणि आत जाऊन पाळण्याची मच्छरदाणी नीट खोचते.

तळ्याकाठी असा पिंजरा दिसला, तर आमची कीव जरूर करा. पण मच्छरदाणी तुमच्या लेकरांवर घाला.